नोंद कुणाच्या हातात?

वाचकांचे प्रश्न : सहकार

मागच्या अंकात विचारलं होतं की तुमच्या संस्थेत सॉफ्टवेअर, ॲप, पोर्टल असलं काही आलं असेल तर त्याने खरंच काही सुधारलं का. पत्रं थोडी आली पण व्हॉट्सॲपवर खूप आलं, काहींनी पाच-पाच मिनिटांच्या व्हॉइस नोट पाठवल्यात, सगळ्या ऐकल्या. मी पंचवीसेक वर्षं संस्थांची ऑडिटं करतेय, विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था, हाउसिंग सगळं, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई नमस्कार, मी गटसचिव आहे, माझ्याकडे तीन सोसायट्या. केंद्राच्या योजनेतून कॉम्प्युटर, प्रिंटर, सॉफ्टवेअर आलं. आता दिवसा किर्द, म्हणजे रोजची जमाखर्चाची वही, हाताने लिहितो आणि तीच रात्री बसून कॉम्प्युटरला भरतो. चेअरमन म्हणतात वही बंद करायची नाही, बँकेचे इन्स्पेक्टर आले की वहीच मागतात, आणि वरून मेसेज येतात की डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशोब बंद करणं, का झालं नाही. काम दुप्पट, पगार तेवढाच. ह्यातून सोसायटीचं काही भलं होणारे का खरंच सांगा.
— एक गटसचिव, सोलापूर जिल्हा

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न मुद्दाम पहिला घेतला, कारण तुमच्यासारखे कितीतरी सचिव आत्ता असेच रात्री जागतायत. बाकी वाचकांसाठी आधी योजना सांगते. जून २०२२ मध्ये केंद्राने गावपातळीवरच्या प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजे आपल्याकडच्या विकास सोसायट्या, संगणकावर आणायला २,५१६ कोटी मंजूर केले, तेव्हा देशातल्या ६३,००० संस्था धरल्या होत्या आणि काम नाबार्ड ह्या शेती-ग्रामीण कर्जाच्या राष्ट्रीय बँकेकडे दिलं. सगळ्यांची हिशोबाची पद्धत एक, सॉफ्टवेअर एक, आणि सोसायटीपासून जिल्हा बँक, राज्याची शिखर बँक, नाबार्डपर्यंत सगळं जोडलेलं, अशी कल्पना आहे.

कल्पना चांगली आहे, हे मनापासून म्हणते. एका सोसायटीत तेरजेतला, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांच्या ताळ्यातला, १७ रुपये ४० पैशांचा फरक शोधायला मी दोन दिवस बसले होते, शेवटी तो चार वर्षांपूर्वीच्या भागाच्या (शेअरच्या) एका नोंदीत सापडला, किर्दीतून खात्यावर उतरवताना आकडा चुकीच्या बाजूला पडला होता. मशीन असतं तर ते दोन दिवस वाचले असते. व्याज आकारणीतली चूक, मुदतीच्या तारखेतली चूक, एकाच्या खात्यावर दुसऱ्याची वसुली जमा होणं, हे सगळं कमी होतं, मी बघितलंय.

आता तुमचं दुप्पट काम. दोन्हीकडे लिहिणं सुरुवातीचे काही महिने लागतंच, जुन्या बाक्या नव्यात जशाच्या तशा आल्या का हे तपासायला दुसरा मार्ग नाही. पण ते कधी संपणार हे कुणी ठरवतच नाही आणि मग दोन-दोन वर्षं तेच चालू राहतं. तर असं करा, पुढच्या मीटिंगला ठराव घ्या की अमुक महिनाअखेरची तेरीज दोन्हीकडे पैशापैशाने जुळली की पुढच्या तारखेपासून हातची किर्द बंद, आणि रोजची छापील किर्द सचिव आणि चेअरमन दोघांच्या सहीने फाईलला लागेल. ठरावाची नक्कल जिल्हा बँकेला आणि सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांना द्या, पोच घ्या आणि त्यांचं म्हणणं लेखी मागा. तोंडी विचारलं तर प्रत्येक जण दोन्ही ठेवा असंच सांगणार, कारण तसं सांगण्यात त्यांच्यावर काही येत नाही.

भलं होणार का ह्या प्रश्नाला मात्र मी सरळ हो म्हणू शकत नाही. तुमच्या सभासद यादीत मयत किती आहेत? मी बघितलेल्या बहुतेक सोसायट्यांत हा आकडा कुणी मोठ्याने बोलत नाही. वारस लागलेले नसतात, भाग तसेच पडून असतात. यादी साफ करणं हे साधं कारकुनी काम वाटतं पण अख्खं गावचं राजकारण त्यात असतं, कुणाचा वारस लागला की कुणाची मतं वाढतात हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून सचिवाला कुणी हात लावू देत नाही. ती यादी तशीच सॉफ्टवेअरमध्ये चढवली तर तीच चुकीची यादी आता छापील आणि अधिकृत दिसायला लागते, एवढाच फरक पडतो.

आणि नवं-जुनं. हे लिहायला जड जातं पण लिहायला पाहिजे. मार्चअखेर आली की जुनं कर्ज भरल्याचं दाखवायचं आणि एप्रिलमध्ये तेवढंच नवं उचलायचं, कारण वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं आणि थकलं तर सगळंच जातं. काही शेतकरी ह्या आठ-दहा दिवसांसाठी बाहेरून महागडे पैसे आणतात. सॉफ्टवेअरमध्ये ही वसुली शंभर टक्के बरोबर नोंदली जाते, तारीख, पावती सगळं बरोबर, आणि तरी त्या शेतकऱ्याच्या पिकातून ते कर्ज फिटलेलंच नसतं. कुणाला किती पीक कर्ज द्यायचं हे ठरवणाऱ्या क.म. पत्रकात कर्जाची मर्यादा आणि प्रत्यक्ष खर्च ह्यात जे अंतर आहे ते कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही.

तरी तंत्रज्ञान खरोखर उपयोगी पडलेलं मी जवळून बघितलंय. डिसेंबर २०१९ मधली महात्मा फुले कर्जमुक्ती आठवा. याद्या गावात लागल्या, शेतकऱ्याने बँकेत नाहीतर आपले सरकार केंद्रात जाऊन अंगठा लावायचा, मशीन त्याला त्याची रक्कम दाखवणार आणि विचारणार, मान्य आहे का. मान्य नसेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. त्या काळात मी एका गावात होते, साठीतला एक माणूस स्क्रीनकडे बघत म्हणाला, एवढं कर्ज माझ्यावर कधी झालं? त्याने कधी स्वतःची बाकी लेखी बघितलीच नव्हती, सचिव सांगेल तो आकडा. त्याच्या पुढची चौकशी वेगळी गोष्ट आहे पण तो प्रश्न विचारला गेला तो नोंद ऑफिसातून निघून त्याच्यासमोर आली म्हणून.

तेव्हा तुमच्या सॉफ्टवेअरमधून एक काम आजपासून करा. सभासदाने पैसे भरले की तो उठायच्या आत त्याच्या मोबाईलवर मेसेज, आणि तीन महिन्यांनी प्रत्येकाला त्याच्या बाकीची छापील चिठ्ठी, सही घेऊन. सगळ्यांच्या बाक्या चावडीवर लावा असं मी म्हणत नाहीये, कर्ज ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे, पण ज्याची त्याला तरी ती कळली पाहिजे. हे झालं तर तुमचं रात्रीचं जागणं कामी आलं असं मी समजेन.

प्रश्न : माझे वडील ऊस उत्पादक, मी आयटीत. वडील सांगतात की वारणेला १९९८ मध्येच गावोगावी कॉम्प्युटर आले होते, मोठमोठे लोक बघायला यायचे. मग इतक्या वर्षांनी आजही आपल्याकडे कारखान्याच्या वजनकाट्यावरून भांडणं का होतात? टेक्नॉलॉजी कमी पडली का माणसं?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : वडिलांना नमस्कार सांगा, त्यांना बरोबर आठवतंय. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली मिळून सत्तरेक गावांसाठी तो प्रकल्प झाला, वायर्ड व्हिलेज म्हणायचे. गावात एक केंद्र, तिथे कॉम्प्युटर, आणि शेतकऱ्याला बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी योजना, नोकरीच्या जाहिराती सगळं तिथे मिळणार असं ठरलं होतं.

प्रत्यक्षात लोक त्या केंद्रावर कशासाठी गेले? माझ्या उसाची नोंद लागली का, तोड कधी येणार, टनेज किती भरलं, खताची उचल किती झाली, बिल किती. बाकीच्या गोष्टींकडे फारसं कुणी वळलं नाही. पुढे २००६-०७ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या मंडळींनी तिथल्या काही गावांत कॉम्प्युटर काढून साधा मोबाईल आणि एसएमएस लावून बघितला, तीच माहिती शेतकऱ्याला मिळाली आणि खर्च कितीतरी कमी झाला. तुम्ही आयटीतले आहात म्हणून हे सविस्तर सांगितलं, गावासाठी काही बनवायचं मनात असेल तर आधी लोक कुठल्या आकड्यासाठी पायपीट करतात ते शोधा, आणि तो आकडा त्यांच्याकडे जाईल असं करा.

काट्याचं वेगळं आहे. काटा कारखान्याच्या आवारात, ऑपरेटर कारखान्याचा, आकडा कारखान्याच्या कॉम्प्युटरला. डिजिटल झाला म्हणून त्यातलं काहीच बदलत नाही, शेतकऱ्याला जो संशय होता तो तसाच राहतो. सरकार दर हंगामात भरारी पथकं नेमतं, वैधमापन, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या खात्याची माणसं तपासून सील करतात, शेतकरी संघटनांनी डिजिटल काट्यासाठी आंदोलनं केली, हे सगळं हवंच आहे. पण काटा तपासताना सभासदांचे दोन प्रतिनिधी समोर उभे, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी दोन्ही वजनं त्याच मिनिटाला शेतकऱ्याच्या फोनवर, आणि ही नोंद नंतर कुणी बदलली तर कधी आणि कुणी बदलली ते दिसणार, एवढं झालं तर भांडणं निम्म्याने कमी होतील असं मला वाटतं.

अजून एक सांगते जे काट्याच्या गोंधळात मागे पडतं. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, उताऱ्यावर म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर ठरते, मूळ उतारा १०.२५ टक्के धरतात आणि त्यावर वाढ मिळते, म्हणजे प्रयोगशाळेतला आकडा काट्याइतकाच महत्त्वाचा. काटा निदान डोळ्यांना दिसतो, उतारा शेतकऱ्याला कधीच दिसत नाही, तो हंगाम संपल्यावर कागदावर कळतो. रोजचा उतारा सभासदांना फोनवर मिळायला तांत्रिक अडचण काहीच नाहीये, कारखान्यात तो रोज निघतोच. आणि ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे नाही आले तर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, ते वडिलांना माहीत असेलच पण कारखान्याच्या ॲपमध्ये त्या चौदा दिवसांची मोजणी मी अजून तरी बघितली नाही. तुमच्यासारख्या पोरांनी वार्षिक सभेत उभं राहून ती मागावी.

प्रश्न : आमच्या दूध संस्थेत फॅटचं मशीन आहे, वजनाचा काटा पण इलेक्ट्रॉनिक आहे. तरी एकाच म्हशीचं दूध, वैरण तीच, आणि फॅट आज ६.८ उद्या ५.९. विचारलं तर मशीन खोटं बोलत नाही म्हणतात. काय करावं?
— एक दूध उत्पादक ताई, कागल तालुका

उत्तर : ताई, रोजचा थोडा फरक खरा असू शकतो. धार शेवटपर्यंत काढली की नाही, रेडकू आधी पाजलं की नंतर, सकाळ-संध्याकाळ, ह्याने फॅट बदलतो, आणि नमुना घेताना दूध नीट ढवळलं नाही तर मशीन चांगलं असूनही आकडा चुकतो. आधी बघा तुमच्यासमोर ढवळून नमुना घेतात का. दुसरं, मशीनचा डिस्प्ले कुणाकडे तोंड करून आहे? मी जिथे जाते तिथे पहिलं हेच बघते. सचिवाकडे तोंड असेल तर फिरवून घ्या, खर्च शून्य.

पण खरी मेख दुसरीकडे आहे. दहा दिवसांचं बिल निघतं तेव्हा संस्थेकडे दोन आकडे असतात, गावातून गोळा केलेल्या दुधाचा सरासरी फॅट, आणि तुमचं दूध घेणाऱ्या दूध संघाने टँकरवर नाहीतर डेअरीत मोजलेला त्याच दुधाचा फॅट. हे दोन जवळपास सारखे यायला पाहिजेत. संघाकडे सतत जास्त लागतो आणि गावात कमी लावला जातो असं दिसलं तर मधला फरक कुठे जातो हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एका संस्थेत मी फक्त हे दोन आकडे वर्षभराचे शेजारी शेजारी लिहून ऑडिट रिपोर्टला लावले, बाकी काही लिहिलं नाही, आणि सभेत लोकांनीच पुढचं विचारलं.

आणि एक नाजूक गोष्ट. म्हशी तुम्ही सांभाळता, धार तुम्ही काढता, दूध घालायला तुम्ही जाता, पण सभासद कोण आहे? बहुतेक घरांत मालकांच्या नावावर सभासदत्व आणि त्यांचाच मोबाईल नंबर नोंदलेला, म्हणजे मेसेज येतो तो त्यांच्या फोनला आणि बिल जातं त्यांच्या खात्याला. संस्थेत जाऊन नंबर तरी स्वतःचा लावून घ्या, आणि जमलं तर एक भाग स्वतःच्या नावावर घ्या, मग मतही तुमचं होईल.

प्रश्न : मी हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी. १४४ फ्लॅट. मोठ्या हौसेने ॲप घेतलं, बिलं, तक्रारी, गेटवरचे व्हिजिटर सगळं त्यावर. कमिटीला वाटलं लोक सहभागी होतील. यंदाच्या वार्षिक सभेला अकरा जण, अर्ध्या तासाने तहकूब सभा घेऊन उरकली. आता सगळं मतदान ॲपवरच घेतलं तर चालेल का? रिडेव्हलपमेंटचा विषय पण येतोय.
— एक सेक्रेटरी, डोंबिवली

उत्तर : ॲपवर पोल घ्यायला हरकत नाही पण त्याला लोकांचं मत जाणून घेणं इतकंच समजा, ठराव समजू नका. सहकारात एक सभासद एक मत, आणि सहसा आपल्या वतीने दुसऱ्याला मत द्यायला पाठवता येत नाही. ॲपमध्ये मत फोन देतो. आजोबांच्या नावचा फ्लॅट आणि फोन नातवाकडे, किंवा सभासद पुण्यात आणि नंबर भाडेकरूचा, असं तुमच्याकडे किती ठिकाणी आहे ते मोजून बघा. शिवाय ॲडमिन कोण? तुम्हीच ना? मग कुणी काय मत दिलं हे तुम्हाला दिसत असेल तर उद्या निकाल विरोधात गेलेला माणूस त्यावरच बोट ठेवणार, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

कोरोनात सरकारने ऑनलाइन वार्षिक सभांना परवानगी दिली होती, तेव्हाचा माझा अनुभव असा की हजेरी वाढली. परदेशातले, आजारी, लहान मुलं असलेल्या बायका, हे लोक पहिल्यांदा बोलले. ते मला फार मोलाचं वाटतं आणि ते परत घालवू नये. प्रत्यक्ष सभा ठेवून जोडीला लिंक द्या, निदान ऐकायला आणि प्रश्न विचारायला, मतांसाठी तुमच्या उपनिबंधक कार्यालयाकडून लेखी मार्गदर्शन घ्या.

रिडेव्हलपमेंटला तर अजिबात शॉर्टकट नको. ४ जुलै २०१९ चे, सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालचे रिडेव्हलपमेंटचे सरकारी निर्देश काढून पूर्ण वाचा, त्यात विशेष सभेचं व्हिडिओ शूटिंगसुद्धा करायला सांगितलंय.

पण मला तुमच्या पत्रात वेगळीच गोष्ट खटकली. ॲपवर बिल आहे, तक्रार आहे, व्हिजिटर आहे. खर्च आहे का? लिफ्टच्या कंत्राटाची तीन कोटेशनं, कमिटीचं इतिवृत्त, बँकेच्या एफडी कुठे कुठे आहेत, ऑडिटरने काढलेले दोष आणि तुम्ही दिलेला दोष दुरुस्ती अहवाल? सभासदाला दप्तर बघायचा हक्क कायद्याने आहेच, मग ते आधीच ॲपवर का नको? बहुतेक सोसायट्यांत ॲप हे सभासदाकडून वसुली करायचं साधन झालंय, कमिटीने सभासदाला हिशोब द्यायचं नाही. सभासदाला ॲपवर फक्त स्वतःची थकबाकी दिसत असेल तर सभेला तो कशासाठी येईल? पुढच्या वर्षी सभेच्या पंधरा दिवस आधी सगळी कोटेशनं आणि बँक स्टेटमेंट टाका. भांडणं होतील हे आधीच सांगते, पण अकरापेक्षा जास्त लोक येतील.

प्रश्न : रिटायरमेंटचे पैसे गावातल्या पतसंस्थेत आहेत, व्याज बरं आहे. आता त्यांचं ॲप पण आलंय, बॅलन्स रोज दिसतो. मुलगा म्हणतो ॲप आहे म्हणजे संस्था सेफ आहे. खरं का?
— एक ज्येष्ठ वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : नाही काका, ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. ॲप तुम्हाला तुमची ठेव दाखवतं. तुमची ठेव कुणाला कर्ज म्हणून दिलीय आणि ते कर्ज परत येतंय का, हे ते दाखवत नाही, आणि ठेवीची सुरक्षितता सगळी तिथे असते.

पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं उदाहरण घ्या. कॉम्प्युटर नव्हते का? होते, सगळ्या शाखा एकाच सिस्टीमला जोडणारं कोअर बँकिंग होतं, अनेक राज्यांत शाखा होत्या. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि लोकांना पहिल्यांदा फक्त १,००० रुपये काढता आले. एकाच बांधकाम समूहाशी संबंधित ४४ कर्जखाती झाकायला २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचं तपासात पुढे आलं. ठेवीदारांच्या पासबुकात आदल्या दिवशीपर्यंत शिल्लक बरोबरच होती. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांना टप्प्याटप्प्याने वर्षानुवर्षं थांबायची वेळ आली. आणि पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला होऊन ९४ कोटींच्या आसपास गेले, तिथे आतल्या कुणी कर्ज लपवलं नव्हतं, बाहेरून चोरी झाली. म्हणजे सिस्टीम आली की धोके वेगळे येतात, आणि शंभर वर्षांच्या जुन्या बँकेवर ते येतात तर गावातल्या पतसंस्थेने ॲप काढताना सुरक्षेवर किती खर्च केला हे विचारलंच पाहिजे.

अजून एक, सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. हे संस्थेच्या बोर्डावर ठळक लिहिलेलं असायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

तर काय करायचं? ऑडिट वर्ग, म्हणजे ऑडिटरने संस्थेला दिलेली श्रेणी विचारा, गेल्या तीन वर्षांची. वार्षिक अहवाल हातात घ्या, थकबाकी किती, दहा मोठ्या कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती भाग आहे, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना किती दिलंय. संस्था माहिती देत नसेल तर एक लक्षात ठेवा, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलंय की सहकारी संस्थेला माहिती अधिकार आपोआप लागू होत नाही, पण निबंधक कार्यालयाला तो लागू आहे, आणि निबंधकाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून घेता येते ती तुम्ही त्याच्याकडे मागू शकता. आणि सगळे पैसे एका ठिकाणी ठेवू नका काका, मुलगा काहीही म्हणो.

चांगलंही सांगते. पिग्मी, म्हणजे एजंट रोज दारात येऊन गोळा करतो ती छोटी बचत. पूर्वी एजंट कार्डावर सही करायचा आणि पैसे चार-चार दिवस स्वतःकडे फिरवायचा, टपरीवाल्याला कळायचंही नाही. आता हातातल्या मशीनवर आकडा दाबला की पावती निघते आणि मेसेज जातो. मेसेज आला नाही तर भाजीवाली बाई दुसऱ्या दिवशी पैसेच देत नाही. माझ्या डोळ्यांसमोर झालेला हा बदल आहे.

प्रश्न : सहकारी संस्था ब्लॉकचेनवर आणल्या तर भ्रष्टाचार संपेल का? संचालक मंडळाची गरजच राहणार नाही असं मी वाचतोय.
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : ब्लॉकचेन म्हणजे एकच वही एकाच वेळी अनेक कॉम्प्युटरवर ठेवायची पद्धत. नोंद मागाहून बदलता येत नाही हा तिचा गुण खरा आहे आणि तो मला ऑडिटर म्हणून आवडतो. पण चुकीची नोंद पहिल्यांदाच टाकली तर ती तशीच कायमची चुकीची राहते, मयत सभासद ब्लॉकचेनवरही मयतच. संचालकांशिवाय नुसत्या कोडवर चालणारी संस्था २०१६ मध्ये करून झाली, तिचं नावच द डीएओ होतं, कोडमधल्या एका चुकीतून कुणीतरी ३६ लाख इथर (एक डिजिटल चलन) बाहेर काढले, आणि मग पुढे काय करायचं हे शेवटी माणसांनीच वाद घालून, मत घेऊन ठरवलं. तुम्हाला ह्यात रस असेल तर न्यूझीलंडचं लुमिओ नावाचं, गटाने निर्णय घ्यायचं सॉफ्टवेअर बघा, वेलिंग्टनच्या तरुणांनी २०१२ च्या सुमाराला बनवलं, ते स्वतः कामगारांची सहकारी संस्था आहेत, आणि त्यांचं सॉफ्टवेअर मत मोजायच्या आधी लोकांना चर्चा करायला लावतं. आपल्या सभांमध्ये विषय वाचायचा, मंजूर मंजूर म्हणायचं आणि चहा, असं चालतं, तिथे मला ह्या प्रकारच्या गोष्टीची जास्त गरज दिसते.

प्रश्न : आमची महिलांची छोटी पतसंस्था आहे, बचत गटांमधूनच तयार झाली. बऱ्याच जणींकडे साधा फोन, काहींना वाचता येत नाही. सगळे म्हणतात डिजिटल व्हा नाहीतर मागे पडाल. आम्ही काय करावं?
— एक सचिव, हिंगोली जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही मागे आहात असं मला वाटत नाही. गटाच्या मासिक बैठकीत प्रत्येकीची बचत, कर्ज, परतफेड नाव घेऊन मोठ्याने वाचतात ना, जिला वाचता येत नाही तिलाही शेजारणीची बाकी पाठ असते, आणि आकडा चुकला की तिथल्या तिथे आवाज येतो. एवढी पक्की तपासणी मी मोठमोठ्या बँकांत बघितली नाही. ती बंद करू नका, कॉम्प्युटर आला तरी.

कॉम्प्युटर घ्या, हिशोबासाठी घ्या, तुमचे तास वाचतील. पण पासवर्ड एकीच्या नवऱ्याकडे किंवा सॉफ्टवेअर देणाऱ्या माणसाकडे राहिला असं होऊ देऊ नका, हे मी फार ठिकाणी बघते. निदान दोघींना शिकवा, आणि बॅकअप दर आठवड्याला दुसरीच्या घरी. कंपनीशी करार करताना लिहून घ्या की सोडून जायचं ठरलं तर आमचा सगळा डेटा आम्हाला उघडता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, एका संस्थेला हे न लिहिल्यामुळे तीन वर्षांचा हिशोब पुन्हा वहीतून भरावा लागला. आणि साध्या फोनवर मराठीतला एसएमएस सगळ्यांना दिसतोच असं नाही, त्यामुळे मेसेज लावायच्या आधी चार जणींच्या फोनवर पाठवून बघा, अक्षरांऐवजी चौकोन येतात का ते. चौकोन आले तर फक्त आकडे पाठवा, भरले किती आणि बाकी किती, आकडे सगळ्या जणी ओळखतात.